दोन हजारांत दोन दिवस, समुद्रासकट

ऐकलंत का? चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा काशीदला जाऊन आला. आता काशीदला जाऊन येणं ही काही बातमी नव्हे. आमच्या दादरच्या सोसायटीतली निम्मी माणसं वर्षातून एकदा कुठे ना कुठे वाळू तुडवून येतात. बातमी अशी की तो 'स्वस्तात' जाऊन आला. सात मित्रमैत्रिणी, दोन दिवस, एक रात्र, माणशी फक्त दोन हजार! वहिनींनी हे जिन्यात सांगितलं, वाण्याकडे सांगितलं आणि गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालताना मलाही सांगितलं. त्या दोन हजारांचे शेवटी किती झाले, ते मात्र सांगितलं नाही. ते मला दुसरीकडून कळलं. कुठून, ते विचारू नका. (सातांतल्या एकीची मावशी माझ्याबरोबर भजनाला असते.)

हसू नका, साथ आहे ही. डोळ्यांची येते तशी. एकाला झाली की बघता बघता अख्खा मजला डोळे चोळत बसतो. हिचा उगम मोबाइलमध्ये. एक पोरगा पाठीला बोजकं लावून येतो, 'मित्रांनो' म्हणून हाक मारतो आणि अर्ध्या मिनिटात सांगतो, फक्त १९९९ रुपयांत मिनी मालदीव! खोली, जेवण, बोट, सूर्यास्त, सगळं आलं. नागाव म्हणजे मिनी गोवा, तारकर्ली म्हणजे मिनी मालदीव, आणखी कुठली तरी पुळण मिनी थायलंड. आपल्या कोकणाला स्वतःचं नाव लावून फिरायची चोरी झालीय. आणि त्या १९९९ मध्ये तिथवर पोचायचा खर्च धरलेला नसतो, हे कुणी बोलत नाही. समुद्र जणू शिवाजी पार्कला येऊन उभा राहणार आहे.

मुळात खोड आहे त्या सिनेमाची. २००१ साली 'दिल चाहता है' आला. तीन मित्र गाडी काढून गोव्याला गेले, शापोऱ्याच्या किल्ल्याच्या तटावर बसून समुद्राकडे बघत राहिले, आणि तेव्हापासून प्रत्येक मित्रमंडळाच्या डोक्यावर गोव्याची एक ट्रिप देणं असल्यासारखी बसलीय. त्या तिघांत पेट्रोलचे पैसे कुणी दिले, पुढे ते वाटून घेतले का, एकानं 'मी नंतर पाठवतो' म्हणून दोन महिने तोंड लपवलं का, यातलं काही सिनेमात मला तरी दिसलं नाही. दाखवलं असतं तर देशातल्या निम्म्या मैत्र्या वाचल्या असत्या.

तर या सातांचं आधी गोवाच ठरलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला, ग्रुपला नाव पडलं, नावात 'फायनल' हा शब्द आला. तिथेच माझ्यासारखीनं ओळखावं की काही फायनल होणार नाही. मग मतदान. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपनं ही मतदानाची सोय आणून ठेवलीय आणि लोकशाहीची कोण थट्टा चाललीय! कुठे जायचं यावर मतदान, कधी जायचं यावर मतदान, पाव कुठून घ्यायचे यावरही मतदान. एक मुलगी सगळ्याच पर्यायांना मत देते, कारण तिला कुणाला दुखवायचं नसतं. एक मुलगा कशालाच देत नाही आणि शेवटी म्हणतो, 'मला काहीही चालेल, पण हे नको.' असा एक प्रत्येक ग्रुपात असतो. तो नसेल तर ग्रुपची नोंदणीच होत नसावी.

गोवा गळलं ते रेल्वेपाशी. २०२४ च्या नोव्हेंबरपासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं. साठ दिवस आधी तारीख नक्की करणारं मित्रमंडळ मला दाखवा, मी त्यांची पाद्यपूजा करते. यांची तारीख नक्की झाली तोवर कोकणकन्या भरली, मांडवी भरली, जनशताब्दी भरली. वंदे भारतचं तिकीट बघून खजिनदारानं फोन पालथा ठेवला. शिवाय कुणीतरी आणखी एक बातमी आणली. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर पीत बसलं तर दंड आहे, २०१९ सालीच तो माणशी दोन हजार होता. म्हणजे अख्ख्या ट्रिपचं बजेट एका घोटात खलास. गोव्याचा उत्साह तिथेच ओसरला. याचा अर्थ तुम्ही लावा, मी काही बोलले नाही.

मग तारकर्ली निघालं, पण तिथेही कुडाळपर्यंत तीच रेल्वे. गुहागर निघालं, तर रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ साली हात घातला, तेव्हा ही मुलं शाळेच्या बसमधून ये-जा करत होती. आता नोकरीला लागली, हप्ते भरायला लागली, एकाचं तर लग्नही झालं, आणि रस्त्यावर अजून 'काम चालू आहे'चे फलक उभे आहेत. एक उत्साही मुलगी लक्षद्वीप म्हणाली. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान तिथे जाऊन आले, फोटो झळकले, तेव्हापासून ते तिच्या डोक्यात बसलं होतं. तिथे उतरायला आधी परवाना काढावा लागतो हे कळल्यावर ती गप्प झाली. इथे सात जणांचे आधारकार्डांचे फोटो गोळा करायला नऊ दिवस लागले होते.

शेवटी गाडी यायची तिथेच आली. अलिबाग.

अलिबागची तर मला फार कीव येते. आयुष्यभर या गावाला मुंबईकरानं हिणवलं. 'अलिबागसे आया है क्या' म्हणत एकमेकांची अक्कल काढली. कुणा अलिबागकरानं हे फारच मनाला लावून घेतलं आणि २०१९ साली हायकोर्टात दाद मागितली, की या वाक्यावर बंदी घाला. कोर्टानं याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असं काहीसं म्हणाले. आता गंमत बघा. त्याच अलिबागेत क्रिकेटवाले आणि सिनेमावाले बंगले बांधून बसलेत, आणि 'अलिबागला आपली जागा आहे' असं म्हणताना लोकांची मान ताठ होते. बंदी न घालताच वाक्य मेलं की हो! ही सात मुलं अलिबाग म्हणाली तेव्हा त्यांना वाटलं होतं ते स्वस्तातलं ठिकाण. शनिवारचे भाव बघितले आणि मुकाट काशीदकडे सरकली.

आणि अलिबागच्या त्या व्हिला! आवारात पोहण्याचा हौद हवाच म्हणे. समुद्र दोनशे पावलांवर पसरलाय आणि ही मंडळी क्लोरीनच्या पाण्यात कंबरेएवढी उभी राहून त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. यांना समुद्र कशाला हवा, डोंबिवलीलाही चाललं असतं.

तारखेचा घोळ वेगळाच. सुट्टीला जोडून शुक्रवार घ्यायचा, म्हणजे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, नाहीतर २ ऑक्टोबर. तिन्ही दिवशी दारूची दुकानं बंद. हे लक्षात आल्यावर ग्रुपवर पसरलेलं दुःख मी त्या मावशींच्या तोंडून ऐकलंय, इतकं दुःख सुट्टी नाकारल्यावरही झालं नव्हतं. त्यातून १५ ऑगस्टला तर गेटवेवरच्या मांडव्याच्या बोटीही पावसाळ्यापायी बंद. तेव्हा साधा शनिवार-रविवार धरला. आणि शनिवार धरला तिथे घोटाळा झाला, पण तो पुढे.

आता टोलचं ऐका, हे मात्र ऐकण्यासारखं आहे. भाड्यानं सात जणांची गाडी घेतली, पहाटे सहाला निघायचं म्हणून साडेआठला निघाले. खरं तर गेटवेहून मांडव्याची बोट घेतली असती तर तासाभरात पलीकडे, आणि त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस. पण बस म्हणजे फारच गरिबी झाली. तर गाडी दादरहून निघाली आणि शिवडीपाशी येऊन थांबली. अटल सेतूनं जायचं की वाशीवरून? सेतूवर मोटारीला एका खेपेचा टोल अडीचशे. वाशीचा टोल छोट्या गाड्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून माफ. सात जणांत अडीचशे म्हणजे माणशी पस्तीस-छत्तीस रुपये. यावर कडेला गाडी लावून वीस मिनिटं वाद झाला. एकानं पेट्रोलचा हिशेब मांडला, एकीनं वेळेची किंमत सांगितली, खजिनदारानं 'तत्त्वाचा प्रश्न आहे' म्हटलं. तत्त्व जिंकलं, वाशीवरून गेले. पनवेलच्या पुढे भूक लागली म्हणून एका चकाचक हॉटेलात शिरले आणि मिसळ, सँडविच, काचेच्या उंच पेल्यातल्या थंड कॉफ्या मिळून एकोणीसशेचं बिल कुणी हूं की चूं न करता फेडलं. पुढे वडखळला दीड तास गाडी जागची हलली नाही. तत्त्व मागच्या सीटवर झोपलं होतं.

मला या काटकसरीचं कोडं उलगडत नाही. यांना पैसा वाचवायचा नसतो, वाचवल्याचं सुख हवं असतं. आणि ते सुख दरवेळी अशा माणसाच्या खिशातून काढतात, ज्याच्याशी घासाघीस करता येते. कॉफीवाल्याशी येत नाही, त्याचा भाव भिंतीवर छापलेला असतो. खोलीवाल्या काकूंशी येते, कारण त्या समोर पदर खोचून उभ्या असतात.

या काकूंची बाजू मला घरातूनच कळते. माझ्या नणंदेची जाऊ मुरूडकडे चार खोल्या चालवते. 'घरगुती जेवण व राहण्याची उत्तम सोय', पाटी तिच्या नवऱ्यानं स्वतः रंगवलीय. ही मुलं तिच्याकडे उतरली नव्हती, पण तिला त्यांचं वर्णन केलं तर ती म्हणाली, "वहिनी, नावं सांगू नका, दर शनिवारी हीच येतात." आधी दहा फोन. एसी आहे का, वायफाय आहे का, समुद्र किती मिनिटांवर, खोलीतून दिसतो का, दिसत नसेल तर पैसे कमी होतील का. चार जणांची खोली ठरवतात आणि सात जण उतरतात, "आम्ही अ‍ॅडजस्ट करू काकू." अ‍ॅडजस्ट ते करतात म्हणजे गाद्या ती काढते, उशा शेजारून ती आणते. आठला जेवायला येतो म्हणतात, अकराला उगवतात. तोवर तव्यावरची तुकडी चिवट होते, म्हणून ती सगळ्यांसाठी पुन्हा चूल पेटवते. आणि ताटावर बसून विचारतात, "थाळी शंभरनं कमी नाही का होणार?" सुरमईचा भाव बंदरावरच्या लिलावात ठरतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, वारा सुटला तर होड्या जात नाहीत, आणि शनिवारी मुंबई-पुण्याची गर्दी उतरली की सकाळीच टोपल्यांचा भाव चढतो. ती काय करणार! "हे सगळं मी त्यांना सांगायचं, की भाकऱ्या थापायच्या?" असं तिनं मला विचारलं.

आणि आता शनिवारचा घोटाळा. कोकणात गेले, माशासाठी गेले, मोबाइलमध्ये सहा महिने माशाचेच फोटो एकमेकांना पाठवले, आणि ताट समोर आल्यावर कळलं की सातांतले तिघं शनिवार पाळतात! मारुतीचा वार. एकाचा तर आईला दिलेला शब्द. चौथा अंडं खातो, मासा नाही. पाचवी भातच खात नाही, कार्बचं काहीतरी. कोकणात जाऊन भात नको! ही मुलं उतरली होती त्या घरच्या काकूंनी निमूट बटाट्याची भाजी आणि घावन केले. मग या तिघांनी काय म्हणावं? "आम्ही मासा खाल्ला नाही, तर थाळीचे पैसे अर्धे ना?" शिव शिव शिव. घावनांना घाम लागत नाही वाटतं.

पण खरी मजा झाली दुसऱ्या दिवशी दुपारी. जवळच्या एका गावच्या पुळणीवर गाडी थेट वाळूत नेली. रील करायचं होतं. चाकं, मागे लाटा, छतावर बसलेली मुलगी. दुपारी दोनला ओली वाळू कशी कडक, सिमेंटसारखी वाटली म्हणे. साडेतीनला चाकाखाली पाणी आलं, पावणेचारला चाक रुतलं, चारला मालकाला फोन करावा की न करावा यावर मतदान. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला. त्यानं अडीच हजार मागितले आणि तिथे मात्र कुणी घासाघीस केली नाही. पाणी दाराला लागलं की माणसाला भाव आपोआप पटतो.

यात नशिबाचा काही दोष नाही. त्या दिवशी षष्ठी होती. किनाऱ्यावरचा कोणताही कोळी सांगेल, तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, भरतीची वेळ आली. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. साडेचारला पूर्ण भरती, म्हणजे दोनला गाडी लावणं म्हणजे समुद्राला आमंत्रण. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, सगळा हिशेब एवढाच. अष्टमीला सहा वाजता, तेव्हा संध्याकाळी वाळू थोडी आणि पाणी फार. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती, मग संध्याकाळी समुद्र लांब मागे जातो आणि सूर्यास्ताला फिरायला मैदानच्या मैदान मिळतं. या सातांकडे हवामानाचं अ‍ॅप होतं, हिशेबाचं अ‍ॅप होतं, रस्त्यावरचे खड्डे सांगणारं अ‍ॅप होतं. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं होतं, त्याकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९७३ पासून ते तिथीच सांगतंय बिचारं. आणि आया? त्या तिथी बघतात, पण वेगळ्याच कामाला. 'अमावास्येला कुठे निघालात?' म्हणून नेमकी सगळ्यात मोठ्या वाळूची संध्याकाळ हुकवून देतात.

ट्रॅक्टरपर्यंत थट्टा ठीक आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले होते, ते मी विसरलेले नाही. त्यामुळे जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा 'काका, पाचच मिनिटं' म्हणणाऱ्यांना माझ्याकडून माफी नाही. असो.

तर हिशेब. दोन हजारांचे झाले पाच हजार आठशे. माणशी. मावशींनी मला अ‍ॅपमधला फोटोच दाखवला. त्यात 'पान – ३ जण', 'चार्जर विसरला म्हणून नवा – वाटून घ्यायचा का?', 'ट्रॅक्टर' अशा नोंदी होत्या, आणि 'ट्रॅक्टर'खाली छतावर बसलेल्या मुलीनं लिहिलं होतं, 'मी गाडी चालवत नव्हते.' त्यावर अजून वाद मिटलेला नाही. परत आल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि रील मात्र वर लागलंय. खाली लिहिलंय, 'मित्रांबरोबर स्वस्तात मस्त!'

पण हे काहीच नाही. खरं प्रकरण आता सांगते, जरा जवळ या.

आमच्या सोसायटीच्या भिशीच्या बायका गुपचूप हरिहरेश्वरला जाऊन आल्या. आठ जणी. नवऱ्यांशिवाय! मधल्या वारी! आणि त्यांतल्या एक आजी शहात्तर वर्षांच्या. चौथ्या मजल्यावरच्या वहिनीही त्यांत होत्या, मुलाच्या दोन हजारांचं कौतुक सांगत फिरणाऱ्या याच. हे मात्र जिन्यात बोलल्या नाहीत हं.

ठरलं कसं, तर भिशीला पोहे खाता खाता ठरलं. पोहे संपायच्या आत. गोवा निघालंच नाही, कारण एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ च्या मार्चपासून, आणि पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास फुकट. पण दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. "हद्दीबाहेर जायचंय कशाला?" असं आजी म्हणाल्या म्हणे, आणि विषय संपला. शनिवार-रविवारचा आग्रह कुणी धरला नाही. सुट्टी ऑफिसवाल्यांना असते, यांना सातही वार सारखेच. त्यात मधल्या वारी खोल्या रिकाम्या, भाव उतरलेले, आणि काकूंना गप्पा मारायला सवड.

मग कालनिर्णय काढलं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कड्याखालून, समुद्राच्या काठानं आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग गणेशगल्लीच्या दगडी पायऱ्या उतरून खाली खडकांवर, आणि ती वाट ओहोटीलाच करायची. भरतीच्या लाटा तिथे माणसाला ओढून नेतात. मंगळवारी बारस होती. बुधवारी तेरस. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहाला भरती, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तेव्हा मंगळवारी मुंबई सेंट्रलहून श्रीवर्धनची एसटी, बुधवारी दुपारी प्रदक्षिणा, आणि बुधवारी रात्री मासे. बुधवार! कुणाचा मारुती आड येत नाही, कुणाचा गणपती नाही, कुणाचा गुरुवार नाही. एवढं सूत जमवायला त्या सात पदवीधरांना चार महिने पुरले नव्हते.

तिकडे काय काय झालं, याच्या मला दोन-तीन आवृत्त्या मिळाल्यात. प्रदक्षिणेला आजी सगळ्यांच्या पुढे होत्या, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ओल्या वाळूत साड्या खोचून फुगड्या घातल्या, हेही खरं, व्हिडिओ आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या लिफ्टमध्ये सुद्धा भिंतीला धरून उभ्या राहतात, त्या फुगडीत इतक्या गरगरल्या की दोघींना धरावं लागलं. थाळीवरून घासाघीस? उलट यांनीच काकूंच्या स्वयंपाकघरात शिरून सोलकढीचं प्रमाण विचारलं, खोबरं खवून दिलं, आणि निघताना थाळीच्या वर पैसे ठेवले. श्रीवर्धनला उतरून रोठा सुपारी घेतली, आमसुलं घेतली. गुरुवारी संध्याकाळी घरी.

माणशी खर्च एकोणीसशे साठ! दोन रात्री धरून! आजींचा अर्थात त्याहून कमी, त्यांच्या तिकिटाचे वाचलेले पैसे त्यांनी सगळ्यांना कैरी-भेळ खायला घातले. म्हणजे मोबाइलमधला तो पोरगा खोटं बोलत नव्हता तर, त्याला योग्य ग्राहक मिळत नव्हते.

इकडे नवऱ्यांची अवस्था विचारू नका. डबे करून ठेवले नव्हते. एकीनंही नाही! खानावळीचा नंबर फ्रिजवर चिकटवला आणि चालत्या झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी मंगळवारी रात्री फोन करून हिंग कुठल्या डब्यात आहे विचारलं, तर पलीकडून 'आवाज येत नाही हो, इथे रेंज नाही' असं उत्तर आलं. आवाज येत नसताना उत्तर कसं आलं, हा प्रश्न काकांना गुरुवारी पडला. आणखी एका घरी आमटीला म्हणून चहाचा मसाला पडला. त्या घरातून अजून तक्रार नाही, त्यांना चव आवडलीय असं कळतं.

आता पुढचं ऐका. भिशीचं पुढचं ठरलंय तारकर्ली. समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचे, पाठीला नळकांडं लावून. आजींना डॉक्टर परवानगी देतील की नाही याची चौकशी चालू आहे. त्या म्हणतात, नाही दिली तर होडीत बसून देवाचं नाव घेईन, पण येणार. तारीख कालनिर्णयात लाल पेनानं गोल करून ठेवलीय, आणि साठ दिवस मोजून आरक्षणाचा दिवसही.

हे कळल्यावर नवरे मंडळींनी रीतसर विचारणा केली, की पुढच्या वेळी आम्हालाही न्याल का. सामान उचलू, पैसे आमचे आम्ही देऊ, शनिवार पाळणार नाही. बायकांनी त्यांच्या ग्रुपवर तिथल्या तिथे मतदान घेतलं. ठराव सहा विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. ती दोन मतं कुणाची, याचा आठही घरांत सध्या कसून तपास चालू आहे.